भुसा कुणाच्या वाट्याचा?

मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकासात तिच्या जागी ५०० चौरस फुटांचे घर मिळते, आणि शहरांतली कित्येक कुटुंबे आज याच मापाच्या आसपासच्या घरांत राहतात. अशा घरात एखाद्याला सुतारकामाचा छंद असला की पहिली अडचण जागेची येते. टेबल एकच. त्यावर सकाळी मुलांचा अभ्यास, दुपारी कुणाचे तरी ऑफिसचे काम, संध्याकाळी भाजी निवडणे, आणि आता त्याच टेबलावर फळी, करवत आणि रंधा. या अडचणीवर बाजारात उपाय पुष्कळ आहेत: घडीचे टेबल, हत्यारे टांगायला भिंतीवरची फळी, चाकांची पेटी. उपाय उपयोगाचे आहेत, पण ते मूळ प्रश्नाला हात घालत नाहीत. ज्या घरावर चार-पाच माणसांचा सारखाच हक्क आहे, तिथे एकाने केवळ आनंदासाठी केलेल्या कामाला जागा मागता येते का, आणि येत असली तर कुठवर, हा नीतीचा प्रश्न आहे. आपल्या परंपरेत त्यासाठी एक नेमके तत्त्व आहे, ते म्हणजे अस्तेय. माझे म्हणणे असे की, घरातल्या छंदाला अस्तेयाची कसोटी लावायची तर ती चौरस फुटांपेक्षा भुशाला लावली पाहिजे; आणि ती प्रामाणिकपणे लावली तर कोणते हत्यार घरात आणावे आणि कोणते आणू नये, इथपर्यंत तिचे उत्तर पोचते.

पतंजलीने योगसूत्रांत पाच यम सांगितले, त्यांत अहिंसा आणि सत्य यांच्यानंतर अस्तेय येते. सामान्यपणे आपण त्याचा अर्थ ‘चोरी न करणे’ एवढाच घेतो. गांधींनी तो पुष्कळ पुढे नेला. १९३० साली येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या, पुढे ‘मंगल प्रभात’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या पत्रांत त्यांनी एकेका व्रताचा विचार केला आहे. जी वस्तू आपल्याला खरोखर लागत नाही ती घेणे, मग ती परवानगीने का घेतलेली असेना, हेही त्यांच्या मते अस्तेयाला सोडूनच आहे. हा अर्थ शब्दशः लावला तर छंदाचे प्रकरण तिथेच मिटते. बाजारात तयार स्टूल मिळत असताना ते घरात बनवण्यासाठी सगळ्यांचे टेबल अडवायचे, ही गरज कशी म्हणायची? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो टाळून पुढे जाता येत नाही.

पण त्याच व्रतांच्या यादीत शरीरश्रमही आहे. हाताने काहीतरी करणे ही प्रत्येकाची गरज आहे, ज्याचे पोट त्यावर अवलंबून नाही त्याचीसुद्धा, असे गांधींचे मत होते आणि ते त्यांनी कृतीत आणून पाहिले होते. दक्षिण आफ्रिकेतल्या टॉल्स्टॉय फार्मवर १९१० नंतर बाकांपासून पेट्यांपर्यंत लागेल ते सगळे रहिवाशांनीच बनवले. गांधींचे सहकारी हर्मन कालेनबाख हे व्यवसायाने वास्तुशिल्पी. ते ट्रॅपिस्ट मठात जाऊन चपला बनवायला शिकले आणि गांधी त्यांच्याकडून शिकले. यांपैकी कुणालाही चपला विकून पोट भरायचे नव्हते. आज दिवसभर पडद्यासमोर बसून ज्याच्या हातून एकही वस्तू तयार होत नाही, त्याला संध्याकाळी लाकडाला हात लावावासा वाटला तर ती चैन म्हणून झटकून टाकता येणार नाही. लाकूड खोटे बोलू देत नाही. गुण्या लावला की कोपरा काटकोनात आहे की नाही ते कळते, आणि तिथे कुणाचे हुद्दे किंवा युक्तिवाद चालत नाहीत. मनाला असा आधार मिळणे ही गरज आहे, असे मी मानतो.

तरीही गरज आहे म्हटल्याने हवी तेवढी जागा मिळण्याचा हक्क येत नाही, आणि इथे येरवड्यातलीच दुसरी गोष्ट उपयोगी पडते. १९२९ साली चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. गांधींच्या तुरुंगवासाशी मात्र जो चरखा जोडला गेला, तो ‘येरवडा चक्र’ म्हणून ओळखला जाणारा पेटीचा चरखा: दोन चाके, चात्या ठेवायला जागा, आणि झाकण लावले की हातात धरून नेता येईल अशी चपटी पेटी. कोठडी मोठी करून मिळणार नव्हती, तेव्हा चरखा लहान झाला. सूतकताईमागे देशाचे कारण होते आणि घरगुती सुतारकामामागे तसे काही नाही, हे खरे. पण इथे मला कारणापेक्षा क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी जागा जशी आहे तशी मान्य करायची आणि मग त्या जागेला शोभेल असे हत्यार घडवायचे किंवा निवडायचे. आजचा छंदी माणूस बहुधा उलट्या दिशेने जातो. व्हिडिओत पाहिलेले टेबल सॉ, राउटर, सँडर आधी मनात भरतात, आणि मग त्यांच्यासाठी बाल्कनी बंद करता येईल का, याचा विचार सुरू होतो.

आता सुतारकाम घरातल्या इतरांकडून नेमके काय घेते ते पाहू. ते जागा घेते, शांतता घेते आणि हवा घेते. जागेचे नुकसान भरून निघते: तास-दोन तासांनी टेबल पुसून रिकामे केले की ते पुन्हा सगळ्यांचे होते. म्हणून लहान घरात छंदाचा हक्क चौरस फुटांत मागण्यापेक्षा तासांत मागणे शहाणपणाचे, आणि तो मिळणेही सोपे. आवाज काम थांबताच थांबतो, पण तो भिंतीपलीकडेही जातो. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे; विजेची गोल करवत जवळून शंभर डेसिबलच्या आसपास जाते. शेजाऱ्यांच्या बाबतीत वेळ पाळून भागत नाही, कारण दुपारी झोपणारे तान्हे मूल किंवा रात्रपाळी करून आलेला माणूस कोणत्या भिंतीआड आहे हे आपल्याला ठाऊक नसते. हवेचे मात्र वेगळे आहे. काम थांबते, टेबल रिकामे होते, आवाज बंद होतो आणि धूळ तशीच उरते.

या धुळीत फरक आहे, आणि माझा सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. धार लावलेल्या रंध्याने लाकूड सोलले जाते. पातळ, गुंडाळलेल्या ढलप्या निघतात, त्या खाली पडतात आणि झाडूने गोळा होतात. हातकरवतीचा भुसा जाडसर, तोही बहुतांशी करवतीखालीच पडतो. विजेचा सँडर लाकडाचे पीठ करतो. त्यातले सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत, कित्येक तास हवेत तरंगतात, पंख्याच्या वाऱ्याने दुसऱ्या खोलीत जातात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत खोलवर उतरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या घटकांत घातले. नाक आणि त्याभोवतालच्या पोकळ्यांचा कर्करोग त्यात प्रामुख्याने येतो. हा निष्कर्ष कारखान्यांत वर्षानुवर्षे काम केलेल्या कामगारांच्या पाहणीवरून निघाला आहे. रविवारच्या छंदाला तो तसाच्या तसा चिकटवणे अन्यायाचे होईल. पण सागाच्या आणि शिसवाच्या धुळीने कातडीला आणि श्वासाला त्रास होतो, एमडीएफच्या धुळीत राळेतले फॉर्माल्डिहाइड येते, आणि दम्याच्या माणसाला कर्करोगाची वाट पाहावी लागत नाही. छंद करणारा निदान मास्क तरी लावतो. आतल्या खोलीत टीव्ही पाहणाऱ्या आजीच्या तोंडावर मास्क नसतो.

स्पिनोझाचे उदाहरण इथे आठवते. १६५६ साली ॲम्स्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले. त्यानंतर तो रेन्सबर्ख, फोरबर्ख आणि शेवटी हेग इथे दुसऱ्यांच्या घरांत भाड्याच्या खोल्या घेऊन राहिला आणि दुर्बिणींची व सूक्ष्मदर्शकांची भिंगे घासत राहिला. हेगला तो एका चित्रकाराच्या कुटुंबाबरोबर राहत होता. १६७७ साली, वयाच्या ४४व्या वर्षी, तो फुप्फुसांच्या आजाराने गेला, आणि काचेच्या धुळीने तो आजार वाढला असावा असा तर्क अनेकांनी केला आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात हे चित्र हातश्रमाच्या प्रतिष्ठेचे म्हणून दाखवले जाते, आणि ते तसे आहेही. पण तेच चित्र आजच्या घरातून पाहिले तर आणखी एक गोष्ट दिसते: राहायची आणि कामाची खोली एकच असली की धूळ सुट्टी घेत नाही. माणूस त्याच हवेत झोपतो. स्पिनोझाने ती स्वतःसाठी पत्करली. आपल्या कुटुंबासाठी ती पत्करण्याचा अधिकार कुणाला आहे?

धुळीचा दुसरा हिशेब श्रमाचा आहे. हॅना आरेंट यांनी ‘द ह्यूमन कंडिशन’ या १९५८च्या ग्रंथात दोन प्रकारची कामे वेगळी केली. एक टिकाऊ वस्तू मागे ठेवणारे, जसे टेबल बनवणे. दुसरे जगणे चालू ठेवणारे पण मागे काहीच न ठेवणारे, जसे स्वयंपाक आणि झाडलोट. ते रोज संपते आणि रोज नव्याने सुरू होते. आपल्या घरांत पहिल्या प्रकारच्या कामाचे कौतुक होते. स्टूल दहा वर्षे टिकते, पाहुण्यांना दाखवता येते, ‘मी बनवले’ असे म्हणता येते. ते बनताना उडालेला भुसा ज्याने किंवा, बहुतेक घरांत, जिने तीनदा पुसला, तिच्या कामाची खूण कुठेच राहत नाही. म्हणून स्टूल एकाच्या नावावर जमा होते आणि त्याची किंमत मात्र दुसऱ्या कुणाच्या दुपारीतून जाते. यालाच मी चोरी म्हणतो. ती मुद्दाम केलेली नसते, घरातल्या कुणाला ती चोरी वाटतही नाही, आणि नेमके म्हणूनच अस्तेयासारखे कडक तत्त्व हवे. ‘मीच झाडतो’ म्हणून हा हिशेब अर्धाच सुटतो, कारण जाड ढलप्या झाडता येतात. बारीक पीठ रात्रभर कपाटावर, ताटांवर, देवाच्या तसबिरीवर बसत राहते आणि सकाळी ज्याच्या हाती फडके असते त्याच्या वाट्याला येते.

इथून हत्यारांच्या निवडीवर येता येते. सामायिक घरात असे काम करावे ज्याचा कचरा खाली पडतो आणि ज्याने केला त्यालाच पूर्ण उचलता येतो. रंधा, पटाशी, हातकरवत, गिरमिट, पोलादी पात्याने खरवडून काढलेली गुळगुळीत सपाटी, हे सगळे या अटीत बसते. पॉलिश पेपर लागलाच तर लाकूड किंचित ओले करून हाताने, मोजका. आपल्याकडचा सुतार शतकानुशतके जमिनीवर बसून, पायाच्या बोटांनी फळी धरून काम करत आला आहे. त्याला बाक लागत नव्हता आणि काम संपले की जागेवर चटईखेरीज काही उरत नव्हते. लहान घरासाठी सर्वांत योग्य पद्धत आपल्याच गावात होती, आणि ती बाहेरून शिकावी लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, ही हातहत्यारांची हळवी भक्ती झाली. आज लाकूड म्हणजे प्लायवूड, आणि आठ फुटांची शीट हातकरवतीने सरळ कापणे कुणाला जमणार? हरकत रास्त आहे. यंत्र वाईट असते असे मी म्हणत नाही. अमेरिकेतला शेकर पंथ इथे नजरेसमोर ठेवावा. ॲन ली यांच्याबरोबर हे लोक १७७४ मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आले. ब्रह्मचर्य, सामूहिक मालकी आणि हाताचे काम यांवर त्यांनी वसाहती उभ्या केल्या आणि त्यांचे साधे लाकडी फर्निचर आजही सुतारांना आदर्श वाटते. ते यंत्रविरोधी मुळीच नव्हते. पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या करवती त्यांच्याकडे होत्या. पण त्या कारखान्याच्या वेगळ्या इमारतीत. राहत्या घरात भिंतीभर लाकडी खुंट्यांची पट्टी असे आणि खुर्च्या उलट्या करून त्या खुंट्यांवर टांगत, म्हणजे खालची जमीन विनाअडथळा झाडता येई. चपट्या झाडूचे श्रेयही याच पंथाकडे जाते. ज्या समाजाने उत्तम खुर्ची बनवली त्यानेच ती बाजूला कशी ठेवायची आणि तिच्याखालची जागा कशी झाडायची याचाही तितकाच विचार केला, आणि दोन्हींना उपासनाच मानले. आपल्यासाठी वेगळी इमारत म्हणजे लाकडाची वखार किंवा कोपऱ्यावरचे सुताराचे दुकान. मोठे छेद तिथून करून आणावेत. तिथल्या माणसाला त्याची मजुरी मिळते. घरात यावे ते सांध्यांचे, जुळवणीचे, शेवटच्या सफाईचे काम, आणि खरे कौशल्य तर त्यातच आहे.

मजुरीचा विषय निघाला म्हणून एक शंका वाटेत सोडवून टाकतो. सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या जातीने बांधलेले, मोबदला धान्याचा, मान बेताचा. ते काम आता पगारदार माणसाने हौसेने करावे यात काही अनुचित आहे का? मला तसे वाटत नाही, एका अटीवर: हौशी माणसाला स्वतःच्या हाताने सांधा बसवताना किती कठीण जाते हे कळल्यावर त्याने दुकानातल्या सुताराशी घासाघीस करणे सोडले पाहिजे. डोके आणि हात यांची जी उतरंड आपल्या समाजाने रचली, ती हात वापरल्यानेच थोडी खिळखिळी होते.

सर्वांत गंभीर हरकत वेगळीच आहे. ती अशी, की सुतारकामाचा सारा अर्थ तल्लीन होण्यात आहे. एक डोळा घड्याळावर, एक कान स्वयंपाकघराकडे, भुसा कुठे पडतो याची धास्ती, अशाने तंद्री लागणार कशी? आणि तंद्री लागणार नसेल तर छंद कशासाठी? या प्रश्नापुढे मला गोरोबाकाकांची कथा आठवते. तेरचे गोरा कुंभार अंगणात माती तुडवत होते, मुखी विठ्ठलनाम होते. पत्नी मूल अंगणात ठेवून पाण्याला गेली होती. रांगत आलेले मूल मातीत आले आणि पायाखाली तुडवले गेले, तरी त्यांना भान नव्हते. परंपरा ही कथा भक्तीच्या पराकोटीची म्हणून सांगते, आणि शेवटी पांडुरंगाच्या कृपेने मूल परत मिळते. तिच्यातला भक्तिभाव मी मनापासून मान्य करतो. पण ज्यांनी ही कथा रचली, सांगितली आणि ऐकली त्यांनी त्या आईचा आक्रोशही तितक्याच ठसठशीतपणे ठेवला आहे. अंगण हे एकाच वेळी कुंभाराचे कामाचे ठिकाण, घराची ओसरी आणि मुलाची खेळायची जागा होती. तिथे पूर्ण भान हरपण्याची किंमत काय होते, हे कथा लपवत नाही. आणि ती किंमत भरून यायला चमत्कार लागतो. ज्या घरात चमत्काराची खात्री देता येत नाही, तिथल्या माणसाला त्या आईची बाजूही ऐकावी लागते.

शिवाय हातहत्यारांची तल्लीनता ही आंधळी नसतेच. पटाशी चालवणाऱ्याला दुसरा हात कुठे आहे याचे भान क्षणभरही सोडता येत नाही. रंध्याचा आवाज बदलला की लाकडाची रेषा उलटी आली हे कानाने कळते. करवत रेघ सोडू लागली की मनगटाला आधी समजते. हे लक्ष एका बिंदूवर घट्ट रोवलेले नसते, ते भोवताली पसरलेले असते. त्यात दारात उभे राहिलेले मूल मावते. मावत नाही ते कानांवर आवाज-बंद हेडफोन चढवून चालवलेल्या यंत्राच्या तंद्रीत. म्हणजे जे लक्ष सांध्याला लागते तेच घराला लागते; दोहोंत भांडण आहे असे वाटते ते हत्यार चुकीचे निवडल्यामुळे.

एक मुद्दा उरतो, आणि त्यावर मी अजून विचार करतो आहे. व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये मांडले की लिहिणाऱ्या स्त्रीला थोडा पैसा आणि स्वतःची खोली हवी. सगळ्यांच्या खोलीत सतत व्यत्यय येतो आणि व्यत्ययात मोठे काम होत नाही. मग सुतारकाम करणाऱ्याला सामायिक टेबलावर समाधान मान असे सांगणे हे त्याच्यावर अन्याय नाही का? काही अंशी आहे. जागा असती तर वेगळी खोली नक्की चांगली. पण वुल्फ यांचा युक्तिवाद नीट पाहिला तर तो कुणाच्या बाजूचा आहे? घरात ज्यांच्या वाट्याला कधी कोपराच आला नाही त्यांच्या. म्हणून ५०० चौरस फुटांत कोपरे वाटायची वेळ आली तर छंदाची यादी करण्याआधी हे पाहावे लागेल की घरात कुणाकडे बसायला स्वतःची म्हणावी अशी जागाच नाही. शिवणयंत्र पलंगाखाली ढकलून ठेवलेले असेल, पेटीचा सराव शेजारी नसताना करावा लागत असेल, किंवा एखादीने आपल्याला काय करायला आवडते याचा विचारच सोडून दिला असेल. सुतारकामाची मागणी त्या रांगेत नंतर येते. आणि ती मागताना घरातल्यांना ‘नको’ म्हणता आले पाहिजे. रागाच्या भीतीने, किंवा ‘बिचारा एवढेच तर मागतो’ या दयेने दिलेला होकार जमेला धरता येत नाही. किती तास, कोणती हत्यारे, भुसा कोण उचलणार आणि कुणाला खोकला आला तर काय थांबवायचे, हे आधी बोलून ठरवावे लागते, आणि घरातले माणूस बदलले, आजारी पडले किंवा नवे आले की पुन्हा बोलावे लागते.